८५ च्या पुढच्यांचं मत घरून कसं द्यायचं, आणि टपाली मताचं बाकीचंही

टपाली मतदानाबद्दल बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एक दिवस लक्षात ठेवा: निवडणुकीची अधिसूचना, म्हणजे अधिकृत सरकारी आदेश, निघाल्यानंतरचा पाचवा दिवस. घरून दिलेलं मतही टपालीच असतं, आणि त्यासाठीचा १२ डी हा अर्ज त्या दिवसापर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचलाच पाहिजे. सहाव्या दिवशी आलेला अर्ज घेत नाहीत, मग आजी ९० वर्षांची असो की १०० ची.

गोंधळ होतो तो इथेच. निवडणूक जाहीर होते एका दिवशी, ती बातमी टीव्हीवर सगळे बघतात, आचारसंहिता लागते. अधिसूचना निघते त्यानंतर, आणि तिची बातमी वाडीत कोणाला लागत नाही. २०२४ ची विधानसभा घ्या. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला, अधिसूचना निघाली २२ ला, म्हणजे १२ डीचा शेवटचा दिवस २७ ऑक्टोबर, तोही रविवार. मतदान होतं २० नोव्हेंबरला. आपल्याकडे कोकणात तेव्हा भातकापणी चालू होती, दिवाळी तोंडावर होती. भाऊबीज आटोपून, प्रचाराच्या गाड्या फिरायला लागल्यावर "आमच्या आईचं घरी मत घ्यायला येतील का" असं विचारणाऱ्यांना मला नाही म्हणावं लागलं. त्याच वर्षीच्या लोकसभेला आपल्या टप्प्याची अधिसूचना १२ एप्रिलला निघाली होती आणि मतदान ७ मेला. पाचवा दिवस आला १७ एप्रिलला, म्हणजे रामनवमीला. आंब्याच्या ऐन हंगामात पेट्या भरायच्या की अर्ज भरायचा, असा प्रश्न घरोघर होता.

मी अंगणवाडी सेविका आहे. गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या अलीकडच्या काठाला आमचं गाव, आणि त्यातल्या एका मतदान केंद्राची बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदार यादीचं काम माझ्याकडे आहे. १२ डी वाटायला, भरून घ्यायला, पोच घ्यायला मीच वाड्या-वाड्यांतून फिरते. म्हणून जिथे लोक अडतात तिथे जास्त लिहिते, आणि जे सरळ आहे ते पटकन सांगून टाकते.

घरून मत कोणाला देता येतं

दोघांना. एक, ज्यांचं वय ८५ च्या पुढे आहे त्यांना. दोन, ज्यांना ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आहे आणि तसं प्रमाणपत्र हातात आहे त्यांना, वय काहीही असो. आधी वयाची अट ८० ची होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. ज्यांनी ८० चं ऐकून ठेवलं होतं त्यांना हे सांगताना वाईट वाटतं, पण नियम तोच आहे. आजारी आहे, पाय मोडलाय, गुडघे गेलेत, नुकतंच ऑपरेशन झालंय, एवढ्यावर हा हक्क मिळत नाही.

वय मोजायचं ते यादीतलं. घरात सगळे सांगतात "आबा ८८ चे", आणि यादीत दिसतात ८१. जुन्या माणसांच्या जन्मतारखा कोणी कधी अंदाजाने लिहिल्या देव जाणे. अशा वेळी मी मनाने ८८ लिहू शकत नाही. यादी दुरुस्त व्हावी लागते, आणि त्याचा अर्ज वेगळा: नमुना ८. शाळेचा दाखला, आधार, जे असेल ते जोडून तो निवडणुकीच्या आधीच्या काळात, शांतपणे भरायचा. अपंगत्वाचंही तसंच. यादीत तुमच्या नावावर दिव्यांग अशी नोंद असेल तर बीएलओला तुमचं घर आपोआप कळतं आणि अर्ज घेऊन ती दारात येते. ही नोंदही नमुना ८ नेच होते. प्रमाणपत्र नसेल तर मात्र निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी, मग कागद, मग यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हे आठवड्याभरात होणारं काम नव्हे.

यादी बघायला उत्तम वेळ म्हणजे गणपती. मुंबईची मुलं घरी असतात, त्यांच्या फोनमध्ये सगळं असतं, आणि आजीचं मतदार ओळखपत्र कुठल्या ट्रंकेत आहे हे सांगायला घरात कोणी ना कोणी असतं. आरती झाली की निवडणूक आयोगाचं ॲप किंवा मतदार पोर्टल उघडा, ओळखपत्राचा नंबर टाका, आणि चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: नाव जसं छापलंय तसं, वय, यादीचा भाग क्रमांक, त्या भागातला अनुक्रमांक. हा कागद ओळखपत्रालाच टाचून ठेवा. पुढे १२ डी भरताना नेमकं हेच लागतं. आमच्याकडे रेंज मिळवायला सड्यावर जावं लागतं, ओटीपी यायला दहा मिनिटं लागतात, त्यामुळे ऐन वेळी हे करायला बसाल तर चिडचिड होईल. नेट अजिबातच नसेल तर १९५० वर फोन करा, किंवा बीएलओला विचारा. माझ्याकडे माझ्या भागाची छापील यादी कायम असते.

अर्ज भरताना

१२ डी एका पानाचा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. निवडणूक जाहीर झाल्यापासून तो देता येतो, अधिसूचनेची वाट बघायची गरज नाही. बीएलओ घरी आणून देते, पोच म्हणून सही किंवा अंगठा घेते. घर बंद असेल तर निरोप ठेवून पुन्हा येते. आली नाही तर तुम्ही फोन करा, तहसीलला जा, पण पाच दिवसांचं गणित कोणासाठी थांबत नाही हे धरून चला.

वर "प्रति, निवडणूक निर्णय अधिकारी" असतं, तिथे मतदारसंघाचं नाव येतं. आमच्याकडे लोक हमखास इथे थबकतात. आम्ही राहतो रत्नागिरी जिल्ह्यात, पण लोकसभेला गुहागर आणि दापोली हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ रायगडमध्ये मोडतात. म्हणजे लोकसभेच्या अर्जावर ३२ रायगड, आणि विधानसभेच्या अर्जावर २६४ गुहागर. अर्ज द्यायला अलिबागला जायचं नाही, तो बीएलओमार्फत इथूनच पुढे जातो. चिपळूणपासून खाली सावंतवाडीपर्यंतच्या लोकांना लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्ग लिहायचंय.

मग नाव, वय, भाग क्रमांक, अनुक्रमांक, ओळखपत्राचा नंबर. कुठल्या गटातून मागताय त्यावर खूण: ज्येष्ठ की दिव्यांग. दिव्यांग असाल तर प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडायची. झेरॉक्सचं दुकान गावात नसेल तर हे काम आधीच करून ठेवा.

पत्ता हा या कागदातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक तो सगळ्यात घाईत लिहितात. मत घ्यायला घरी येणाऱ्या पथकातली माणसं परतालुक्यातली असतात. त्यांना "मु. पो." कळून काही होत नाही. वाडीचं नाव लिहा, घर नंबर लिहा, आणि खूण लिहा: सहाणेच्या मागची पाखाडी, साकव ओलांडून डावीकडे, पिंपळाच्या पाराजवळ. गाडी कुठपर्यंत येते आणि पुढे किती चालायचंय तेही लिहा. मी हे समासात पेन्सिलीने लिहून देते आणि पथकाबरोबर गेले तर स्वतः दाखवते.

फोन नंबर कोणाचा द्यायचा? जो फोन घरात वाजतो त्याचा. मुंबईच्या मुलाचा नंबर दिलात तर पथक येणार असल्याचा मेसेज विरारला जातो आणि आजी त्या दिवशी लेकीकडे जाऊन बसलेली असते. मुलाचाच द्यायचा असेल तर त्याला बजावून सांगा की अनोळखी नंबर उचल आणि मेसेज आला की लगेच घरी कळव.

खाली सही किंवा अंगठा मतदाराचाच. सुनेने, नातवाने सही करून टाकायची नाही.

आता सही करण्याआधी थांबून विचार करण्याची एक गोष्ट. अर्ज मंजूर झाला की मतदान केंद्रावरच्या यादीत तुमच्या नावापुढे पीबी, म्हणजे पोस्टल बॅलट, असा शेरा पडतो. मग मतदानाच्या दिवशी तुम्ही केंद्रावर गेलात तरी मशीनवर मत देता येत नाही. दोन्ही दारं उघडी ठेवता येत नाहीत. एका काकींचं असं झालं: १२ डी दिला, मग सांधे दुखायला लागले म्हणून चिपळूणला भावाकडे गेल्या. पथक घरी आलं, कुलूप. दुसऱ्यांदा आलं, तेव्हाही कुलूप. मतदानाच्या दिवशी काकी रिक्षा करून थेट केंद्रावर आल्या, यादीत शेरा होता, आणि त्यांना तसंच परत जावं लागलं. त्या बाकावर बसून होत्या ते मला अजून दिसतं. म्हणून ज्या घरातली वडीलधारी माणसं कधी गावी तर कधी मुंबईला असतात, त्यांनी त्या पंधरा-वीस दिवसांत आपण नक्की कुठे असणार हे ठरवूनच अर्ज द्यावा. पथक मतदारसंघाबाहेर येत नाही. मुंबईतल्या मुलाच्या फ्लॅटवर तर नाहीच.

आणि १२ डी सक्तीचा नाही. आमच्या वरच्या वाडीतले एक आबा, नव्वदीचे, मी अर्ज पुढे केला तर म्हणाले, "बाई, मी अजून पाखाडी उतरतंय. मत मी शाळेतच देणार." मी त्यांच्याकडून नकाराची नोंद घेतली आणि निघाले. त्यांच्या सुनेला ते आवडलं नाही, ती मागून येऊन म्हणाली की परस्पर भरून टाका. तसं होत नाही आणि होऊही नये. मत त्यांचं, ते कुठे द्यायचं हेही त्यांनीच ठरवायचं.

पथक घरी येतं तेव्हा

ते मतदानाच्या दिवसाआधी येतं, आणि घरोघरचं हे सगळं मतदान आदल्या दिवसापर्यंत संपलेलं असतं. तारीख मेसेजने किंवा बीएलओकडून कळते. पहिल्या खेपेला माणूस भेटला नाही तर दुसरी खेप असते. तिसरी नसते. पथकात दोन मतदान अधिकारी, व्हिडिओ काढणारा माणूस, पोलीस असतात. उमेदवारांना या फेरीचं वेळापत्रक दिलेलं असतं, त्यामुळे त्यांचे प्रतिनिधीही बरोबर असू शकतात. एवढी माणसं पाखाडी चढून येताना बघून घरचे गांगरतात. गांगरू नका. चहा ठेवायचा असेल तर मत झाल्यावर ठेवा.

मशीन घरी येत नाही. कागदाची मतपत्रिका असते, जशी जुन्या लोकांनी शिक्का मारून टाकलेली आठवते तशीच, फक्त शिक्क्याऐवजी पेन. ओळखपत्र हाताशी काढून ठेवा, चष्मा पुसून ठेवा. चष्म्याचं मुद्दाम सांगते, कारण पथक दारात उभं आणि घरभर चष्म्याची शोधाशोध, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

क्रम असा असतो. ओळख पटवतात, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतात. मग एक घोषणापत्र असतं, १३ ए. त्यावर मतपत्रिकेचा क्रमांक लिहिलेला असतो आणि तुमची सही अधिकाऱ्यासमोर होते, तो ती साक्षांकित करतो. मग मतपत्रिका देतात. पुठ्ठ्याचा आडोसा त्यांच्याकडे असतो, तो टेबलावर किंवा पाटावर उभा करतात. हव्या त्या उमेदवाराच्या नावासमोरच्या जागेत बरोबरची किंवा फुलीची एक स्पष्ट खूण करायची. एकच. नोटा हाही पर्याय त्यात असतो. मतपत्रिकेवर सही करायची नाही, नाव लिहायचं नाही, "ओम" काढायचा नाही. आमच्याकडे नव्या कोऱ्या कागदावर आधी श्री काढायची सवय आहे, ती इथे मोडावी लागते. मतदार कोण हे ओळखता येईल अशी कुठलीही खूण झाली तर ते मत बाद होतं.

मग घडी घालून ती लहान पाकिटात, म्हणजे १३ बी मध्ये, आणि ते पाकीट बंद करायचं. बंद केलेलं लहान पाकीट आणि सही केलेलं घोषणापत्र, हे दोन्ही मोठ्या पाकिटात, १३ सी मध्ये. घोषणापत्र लहान पाकिटात गेलं तर घोटाळा. मतमोजणीला मोठं पाकीट उघडल्यावर आधी घोषणापत्र बघतात. ते सापडलं नाही, त्यावर सही नाही, साक्षांकन नाही, किंवा त्यावरचा क्रमांक आणि लहान पाकिटावरचा क्रमांक जुळला नाही, तर लहान पाकीट न उघडताच बाजूला ठेवतात. आतलं मत कोणी बघतही नाही.

व्हिडिओ सगळ्याचा निघतो, पण खूण करतानाचा नाही. आडोशामागे काय झालं ते मतदारालाच माहीत. ज्यांना दिसत नाही किंवा हात चालत नाही त्यांना घरातलं किंवा ओळखीचं एक सज्ञान माणूस मदतीला घेता येतं. तेवढंच माणूस. बाकीच्यांनी बाहेर.

हे बाकीच्यांचं बाहेर जाणं आमच्याकडे जमत नाही. घर एवढंसं, पडवी आणि माजघर, सगळेच तिथे. २०२४ च्या विधानसभेला एका घरात आजी आडोशाशी बसल्या होत्या. ८९ वय, डोळे चांगले, हात थोडा कापत होता. त्यांनी मतपत्रिका डोळ्यांजवळ धरली, बोट ठेवून एकेक नाव वाचत गेल्या, ओठ हलत होते. मधेच मुलगा माजघराच्या दारातून म्हणाला, "आये, वरून दुसरा." मतदान अधिकारी बाई उठल्या, त्यांनी त्याला हात जोडले आणि म्हणाल्या, "दादा, जरा खळ्यात थांबा." तो गेला. आजींनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. खूण केली, घडी घातली, पाकीट स्वतःच बंद केलं, आणि डिंक नीट बसला का हे अंगठ्याने दाबून दोनदा बघितलं. घरातल्या माणसांनो, तुम्हाला मनापासून विनंती आहे: त्या दहा मिनिटांसाठी खळ्यात जा. वडीलधाऱ्यांना सकाळची गोळी आपण देतो, पेन्शनच्या कागदावर अंगठा कुठे लावायचा हे आपण सांगतो. मत कुठे द्यायचं ते सांगू नका.

निवडणूक ड्युटीवरचे आणि अत्यावश्यक सेवेतले

शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, पोलीस, होमगार्ड, गाडीचे चालक, ज्यांना निवडणुकीची ड्युटी लागते त्यांच्यासाठी १२ डी नाही. तुमची ड्युटी तुमच्याच मतदारसंघात असेल तर १२ ए भरा, ईडीसी म्हणजे निवडणूक ड्युटीचं प्रमाणपत्र मिळतं आणि जिथे ड्युटी आहे त्याच केंद्रावर मशीनवर मत देता येतं. मतदारसंघाबाहेर असेल तर नमुना १२, म्हणजे टपाली. गुहागरच्या गुरुजींना दापोलीत ड्युटी लागली तर लोकसभेला दोन्ही रायगडमध्येच असल्यामुळे ईडीसी चालतं. विधानसभेला चालत नाही, तिथे टपाली मतपत्रिका घ्यावी लागते. प्रशिक्षणाच्या ठिकाणी सुविधा केंद्र असतं, मत तिथेच द्यायचं आणि तिथेच पेटीत टाकायचं. २०२३ च्या नियमबदलानंतर ड्युटीवरच्यांना मतपत्रिका घरी नेऊन सावकाश पोस्टाने पाठवता येत नाही. म्हणून प्रशिक्षणाला जाताना मतदार ओळखपत्र आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहिलेला कागद बरोबर घ्या, अर्ज तिथेच भरून द्या.

आयोगाने त्या त्या निवडणुकीसाठी जाहीर केलेल्या अत्यावश्यक सेवांतल्या लोकांना १२ डीच भरायचाय, पण तो खात्याने या कामासाठी नेमलेल्या (नोडल) अधिकाऱ्यामार्फत जातो आणि मत घरी नाही, टपाली मतदान केंद्रावर जाऊन द्यावं लागतं. तुमचं खातं यादीत आहे का, हे ऑफिसात विचारा.

फौजेतल्या मुलांसाठी

खेड, चिपळूण, दापोली, सावंतवाडी, कुठल्याही तालुक्यात गेलात तरी फौजेत माणूस असलेलं घर सापडतं. ही मुलं सेवा मतदार असतात. त्यांची नोंद युनिटमार्फत नमुना २ भरून होते, आणि यादीच्या शेवटच्या भागात त्यांची नावं असतात. बरोबर राहणाऱ्या पत्नीचंही नाव त्यात येतं. गावच्या यादीत जुनं नाव तसंच राहिलं असेल तर ते काढून घ्या, दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही.

त्यांची मतपत्रिका आता ऑनलाइन जाते. निवडणूक निर्णय अधिकारी ती संगणकावरून पाठवतो, युनिटमध्ये ती पिन टाकून उघडते, तिथे छापून घेतात. पुढचं सगळं घरच्या मतदानासारखंच: खूण, घडी, लहान पाकीट, घोषणापत्रावर सही आणि वरिष्ठांचं साक्षांकन, दोन्ही मोठ्या पाकिटात. पाकिटावर तिकीट लावावं लागत नाही. ते पोस्टाने परत येतं. ऑनलाइन फक्त जातं, येतं कागदानेच, हे मुलाला फोनवर नीट समजावून सांगा. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पाकीट पोचलं तरच मोजतात. आठ वाजून गेल्यावर आलेलं पाकीट उघडत नाहीत. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० ला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला होती. लडाखहून किंवा अरुणाचलहून इथवर टपाल यायला किती दिवस लागतात याचा अंदाज घेऊन मुलाने मतपत्रिका मिळाल्या दिवशीच खूण करून पाठवावी.

मोजणीत टपाली मतांना आठ वाजता पहिला मान असतो. विजयाचं अंतर बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी निघालं तर बाद मतं सगळी पुन्हा तपासावी लागतात, एवढी त्या पाकिटांची किंमत आहे.

फौजीला आणखी एक वाट आहे. तो गावातल्या एखाद्या मतदाराला आपला प्रतिनिधी नेमू शकतो, नमुना १३ एफ भरून. मग तो माणूस केंद्रावर जाऊन त्याचं मत मशीनवर देतो, आणि त्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते. स्वतःच्या मताची पहिल्या बोटाला. ज्या पोरांची ड्युटी टपाल पोचत नाही अशा ठिकाणी असते, त्यांच्यासाठी मला हीच वाट बरी वाटते. पण तिथे विश्वासाचा माणूस लागतो, आणि हे काम निवडणुकीच्या बरंच आधी करावं लागतं.

ज्यांना टपाली मत मिळत नाही

आमच्या गावातून सगळ्यात जास्त विचारणा यांचीच असते. मुंबईचे चाकरमानी, आखातातली मुलं, मर्चंट नेव्हीतले, मासेमारीच्या बोटीवर गेलेले खलाशी. यांपैकी कोणालाही टपाली मत नाही. परदेशात राहणारा भारतीय नागरिक नमुना ६ ए भरून यादीत येऊ शकतो, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन त्याला स्वतः केंद्रावर यावं लागतं. जहाजावर असलेल्याला फौजीसारखी सोय नाही. मला हे पटत नाही. किनाऱ्यावरच्या किती घरांचा कर्ता माणूस मतदानाच्या दिवशी समुद्रात असतो, ते आम्ही बघतो.

चाकरमान्यांनी मात्र दोहोंपैकी एक ठरवून टाकावं. बारा महिने नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवलीला राहत असाल तर नमुना ८ भरून नाव तिकडे न्या आणि तिथे मत द्या. नाव इथेच असेल तर यावं लागेल. त्यासाठी पगारी सुट्टीचा हक्क आहे: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ बी कलमानुसार मालकाला ती द्यावी लागते, मग तुमचं मत ज्या मतदारसंघात आहे तो कामाच्या जागेपासून लांब असला तरी. अर्ज करा, त्यात मतदारसंघाचं नाव आणि तारीख लिहा. मे महिन्यातलं मतदान असेल तर कोकण रेल्वेचं तिकीट तारीख जाहीर झाली त्याच दिवशी बघा.

आणि ज्यांची ८५ पूर्ण नाहीत, प्रमाणपत्र नाही, पण पाय साथ देत नाहीत, त्यांना केंद्रावर रांगेत उभं राहावं लागत नाही, ज्येष्ठांना पुढे सोडतात. व्हीलचेअर हवी असेल तर दिव्यांगांना आयोगाच्या ॲपवरून मागणी करता येते. बाकीच्यांनी बीएलओला चार दिवस आधी सांगावं. आमच्या शाळेला तीन पायऱ्या आहेत. मतदानाच्या आदल्या दिवशी रॅम्प जागेवर आहे का, त्याला कठडा आहे का, हे मी स्वतः जाऊन बघते, आणि ज्यांना डोलीतून किंवा खुर्चीत उचलून आणावं लागतं त्यांच्या वाडीतल्या दोन-तीन मुलांना सकाळी सातलाच यायला सांगून ठेवते, कारण अकरानंतर ऊन आणि रांग दोन्ही वाढतात.